नाव लिहू नका

वेंडल प्रोहास्काच्या घरी येणारी निम्मी पत्रं त्याच्याच अक्षरात असायची.

म्हणजे असं, की तो कुठल्यातरी जुन्या बेसबॉल खेळाडूला पत्र पाठवायचा. आत त्या खेळाडूचा फोटो छापलेलं कार्ड, चार ओळी, आणि एक रिकामं पाकीट. तिकीट लावलेलं, वर वेंडलनं स्वतःचंच नाव-पत्ता घातलेला. खेळाडूनं कार्डावर सही करायची, पाकिटात सारायचं, पेटीत टाकायचं. बास. मग कधी महिन्यानं, कधी चार वर्षांनी ते पाकीट फिरून परत यायचं.

पोस्टाची बाई रोक्सॅन ते दाराशी हलवून दाखवायची. "घे. परत तूच तुला लिहिलंयस."

"काय म्हणतोय मी?"

"बरा दिसतोयस. अक्षर ठीक आहे. जेवतोयस ना नीट?"

"कॉर्नफ्लेक्स."

"रात्रीचं?"

"रात्रीचंच म्हणतोय."

रोक्सॅन हसायची आणि पुढच्या दाराला जायची. वेंडलच्या दिवसातलं हे सगळ्यात लांब बोलणं असायचं. मक्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून तो रिटायर झाला होता. लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे जमलं नव्हतं, आणि मग ते राहूनच गेलं. आई गेल्यापासून घरात तो, टीव्ही आणि चार हजार सह्या. बहीण लोरेटा टूसॉनला, ती रविवारी फोन करायची आणि तिकडे किती गरम आहे ते सांगायची.

त्याच्या प्रत्येक पत्रातली शेवटची ओळ मात्र ठरलेली. "कृपया फक्त सही करा. माझं नाव लिहू नका."

कारण बरेच खेळाडू प्रेमानं लिहून टाकतात, 'टॉमला शुभेच्छा', 'डेबीला सप्रेम'. आणि तसं लिहिलं की संपलं. कार्डांचं दुकान चालवणारा मॉर्ट याला म्हणायचा, "नाव पडलं की माल पडला." टॉमचं कार्ड टॉमशिवाय कुणाला हवं असतं? नुसती सही सगळ्यांची असते. हे वेंडल मॉर्टच्या दुकानात वयाच्या विसाव्या वर्षी शिकला आणि तेव्हापासून कधी चुकला नाही. चार हजार सह्यांत त्याचं नाव एकदाही नव्हतं.

या चार हजारांत त्याचा जीव अडकला होता तो चोवीस कार्डांत. १९७२ सालचे केलर्स बेंड फेरीमेन. त्याच्या गावची टीम, अगदी खालच्या लीगमधली, मिसिसिपीच्या काठावर लाकडी बाकांचं एक मैदान आणि प्रेक्षकांपेक्षा डास जास्त. त्या उन्हाळ्यात नदीकडच्या पेट्रोल पंपावर टाकी भरली की एक कार्ड फुकट मिळायचं. काळं-पांढरं, पातळ, कडेला शाईचे डाग. वेंडल अकरा वर्षांचा होता. बाप रविवारी पण कामावर असायचा, म्हणून तो एकटाच मॅचला जायचा. चोवीसच्या चोवीस कार्डं त्यानं गोळा केली आणि पुढच्या पन्नास वर्षांत तेविसांवर सह्या मिळवल्या. काही खेळाडू मेले, पण मरायच्या आधी त्यांनी सही केली.

राहिला तो एकच. ऑरिन टॅकेट, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा.

टॅकेटला त्यानं एकोणीस पत्रं पाठवली. पहिलं १९८८ साली. एकाचंही उत्तर नाही. नकार नाही, कार्ड नाही, पाकीटसुद्धा नाही. सुदैवानं टॅकेटची आणखी कार्डं त्याला इकडेतिकडे मिळत गेली, म्हणून पाठवायला काहीतरी होतं. शेवटचं एकच उरलं होतं. ते त्यानं मार्चमध्ये पाठवलं.

*

मे महिन्यात तो मॉर्टकडे गेला तेव्हा काउंटरवर एक बुटाचं खोकं होतं. वर चिठ्ठी, 'कुठलंही घ्या, एक डॉलर'.

"हे काय काढलंस?" वेंडल म्हणाला.

"हॅरल्ड गेला ना. उतारावर राहायचा तो, कुबडीवाला. त्याच्या पुतणीनं सगळं आणून टाकलं. चांगलं होतं ते मी घेतलं, हे त्यातलं मेलेलं."

वेंडलनं खोक्यात बोटं घातली. सह्या खऱ्या होत्या. पण सगळ्यांवर नाव. 'हॅरल्डला'. 'माझा मित्र हॅरल्ड याला'. 'हॅरल्ड, गुडघा बरा होऊ दे'. 'हॅरल्ड, तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं.' साठ-सत्तर कार्डं.

"गाढव होता," मॉर्ट म्हणाला. "किती वेळा सांगितलं, बाबा रे, नाव नको म्हणून लिही. तर म्हणतो कसा, मग त्यांना कळणार कसं की सही कुणाला दिली?"

वेंडल हसला. घरी येताना गाडीत त्याच्या डोक्यात तोच गुडघा बसला होता. कुठला कोण खेळाडू, त्याला हॅरल्डचा गुडघा माहीत होता.

आणि त्याच दुपारी पत्रपेटीत पाकीट होतं. अक्षर स्वतःचं, शिक्का इलिनॉयमधल्या त्या गावाचा. टॅकेटचं गाव.

वेंडलनं ते लगेच फोडलं नाही. हात धुतले. आईच्या टेबलावर स्वच्छ फडकं पसरलं. मग सुरीनं कड कापली.

कार्ड कोरं होतं. सोबत किराण्याच्या यादीच्या मागे लिहिलेलं होतं:

"हा मी नाही. हा बास्को आहे. छापणाऱ्यानं फोटोंची अदलाबदल केली. ७२ सालापासून सांगून थकलो. मी बास्कोच्या कार्डावर आहे. तू दर पत्रात लिहितोस, तुमचा चेहरा किती शांत, किती प्रामाणिक. बास्कोएवढा हलकट माणूस मी बघितला नाही. त्यानं माझे बूट चोरले. त्याच्या थोबाडावर मी माझं नाव घालणार नाही. — ऑ. टॅकेट"

वेंडलनं चिठ्ठी परत पहिल्यापासून वाचली. मग उठून अल्बम काढला. लेन बास्को, पिचर. टोपीखाली दोन मोठे कान आणि जरा घाबरलेला चेहरा. छातीवर आडवी बास्कोची सही, १९९४ साली घेतलेली. बास्कोनं दुसऱ्याच्या छातीवर खुशाल सही ठोकली होती, काही न बोलता. बास्को आता मेला होता.

पन्नास वर्षं! त्याला टॅकेटचे आकडे पाठ होते. किती इनिंग, किती जणांना बाद केलं, कुठल्या तारखेला कुणाच्या हातून मार खाल्ला. आणि चेहरा दुसऱ्याचाच. लांबून काय दिसायचं, टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या. पण एकोणीस पत्रं! 'तुमचे डोळे बघून मला धीर येतो' असं त्यानं एकदा लिहिलं होतं, आई आजारी असताना. त्याला आत्ता स्वयंपाकघरात एकट्यालाच लाज वाटली. कान तापले.

बास्कोचं सही केलेलं कार्ड पोस्टानं पाठवायची त्याची छाती झाली नाही. ते हरवलं तर बास्को काही परत सही करणार नव्हता. म्हणून त्यानं फोन नंबर शोधून काढला. फोनवर एक बाई आली, टॅकेटची सून, नोरीन.

"तो पाकिटवाला का तुम्ही?" ती म्हणाली. "या की. मीच त्यांच्या मागे लागले. ड्रॉवर उघडावा तर तुमची पत्रं. म्हटलं, बाबा, एक तर त्या माणसाला उत्तर द्या नाहीतर जाळून टाका."

*

तीन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना नुकता उगवलेला मका. वेंडलनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन्ही कार्डं जाड प्लॅस्टिकमध्ये घालून शेजारच्या सीटवर ठेवली होती, पट्टा लावून.

टॅकेट स्वयंपाकघरात बसला होता. चौऱ्याहत्तरचा, हाडापेरानं मोठा, बोटांची पेरं सुजलेली. कान तेच. बास्कोच्या कार्डावरचे.

"ये. बस. शांत, प्रामाणिक चेहऱ्याचा माणूस मी."

"माफ करा, मिस्टर टॅकेट. मला खरंच—"

"तुझी तिकिटं मी वापरली हां," टॅकेट मध्येच म्हणाला. "वाफेवर धरली की सुटतात. विजेची बिलं भरली त्यांवर. काय समजायचं ते समज."

"बाबा!" नोरीननं कॉफी आपटली.

"खोटं बोलू का मग त्याच्याशी?"

वेंडलला हसू आलं. त्यानं बास्कोचं कार्ड पुढे सरकवलं. टॅकेटनं चष्मा लावला. तो कार्डावरच्या त्या पोराकडे बघत राहिला.

"बावीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "हे एकच कार्ड आलं माझं. वरच्या लीगमध्ये गेलो असतो तर आणखी आली असती. नाही गेलो. माझी आई त्या उन्हाळ्यात तीन-तीन मैल वाट वाकडी करून त्या पंपावर जायची, पोराचं कार्ड मिळेल म्हणून. मिळालं तेव्हा हातात काय, तर बास्कोचं थोबाड." त्यानं कार्ड उलटं-सुलटं केलं. "तू खेळ बघायचास आमचा?"

"सगळे रविवार."

"कुठे बसायचास?"

"उजव्या कोपऱ्यात. फळ्यांवर. बुलपेनच्या वर."

बुलपेन म्हणजे राखीव पिचर हात गरम करत बसतात ती जागा. टॅकेटचं तिथेच आयुष्य गेलं होतं, खेळायला बोलवतील म्हणून वाट बघत. त्यानं चष्मा काढला. चेहरा एकदम उघडल्यासारखा झाला.

"थांब. थांब थांब. लाल टोपी!"

टॅकेट खुर्चीतून अर्धा उठला.

"नोरीन, अगं इकडे ये! हा तो पोरगा. सांगितलं नव्हतं तुला? एकटा यायचा, लाल टोपी घालून, अगदी पुढच्या फळीवर. पाऊस असो, काही असो. आम्ही पैजा लावायचो, आज येतो का बघ. टीम विकत घेतल्यासारखा बसायचा लेकाचा. आम्ही त्याला मालक म्हणायचो. मालक आले, मालक आले! अरे, मी हात गरम करताना वळून बघायचो तुझ्याकडे. तू होतास ना तो?"

वेंडलकडे लाल टोपी कधीच नव्हती. त्याची टोपी करड्या रंगाची होती, कारखान्यात फुकट वाटलेली, बापाची, डोक्याला मोठी व्हायची. पण लाल टोपी त्याला आठवत होती. पुढच्या फळीवरचा तो पोरगा सूर्यफुलाच्या बिया खायचा आणि टरफलं कठड्यापलीकडे थुंकायचा. वेंडल त्याच्या तीन ओळी वर बसायचा. अख्खा उन्हाळा त्यानं त्या टोपीची मागची बाजू बघितली होती. दोघं एकटेच यायचे, एकटेच जायचे. एकदाही बोलले नाहीत.

टॅकेट त्याच्याकडे बघत होता. असं कुणी वेंडलकडे बघून किती वर्षं झाली होती, देव जाणे.

"हो," वेंडल म्हणाला. "मीच तो."

निघून गेलं तोंडातून. टॅकेटनं टेबलावर थाप मारली, कॉफी सांडली, नोरीननं टाळ्या वाजवल्या. मग नोरीननं घरी भाजलेला रुबार्ब-पाय कापला, आंबट देठांचं गोड सारण भरलेला. टॅकेटनं सगळ्या मॅचेस सांगितल्या आणि वेंडलनं त्याला त्याचेच आकडे सांगितले, आणि टॅकेट म्हणत राहिला, "बघ, बघ, मालकाला सगळं माहीत."

शेवटी त्यानं निळा मार्कर घेतला. वेंडलचं तोंड सवयीनं उघडलं, 'फक्त सही' म्हणायला. मग त्यानं ते मिटलं. टॅकेटनं सुजलेल्या बोटांनी, बास्कोच्या सहीखाली, हळूहळू लिहिलं. 'आमच्या मालकाला — ऑरिन टॅकेट'.

गाडीत बसल्यावर वेंडलनं शाई वाळली का ते बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सहीसोबत काही लिहून दिलं होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं.

*

मॉर्टनं कार्ड दिव्याखाली धरलं.

"दोन सह्या एका कार्डावर. आणि टॅकेटच्या नावाचं कार्ड कोरंच. मग सेट पुरा झाला की नाही झाला?"

"तूच सांग."

"झाला पण आणि नाही पण." मॉर्टनं डोकं खाजवलं. "आणि हा मालक कोण रे?"

"होता एक."

"पचका केलास गड्या. मालकाशिवाय हे कुणी घेणार नाही."

"माहितीये," वेंडल म्हणाला.

त्याला झोप लागेना असं काही झालं नाही. झोप लागली. फक्त सकाळी उठलं की पहिली ती लाल टोपी आठवायची. असं आठवडाभर चाललं. शेवटी रविवारी लोरेटाचा फोन झाला, तिकडे खूप गरम होतं, आणि तो पत्र लिहायला बसला. विसावं.

"मिस्टर टॅकेट, लाल टोपी माझी नव्हती. मी खोटं बोललो. मी तीन ओळी वर बसायचो. करडी टोपी, मोठी. तुम्हाला आठवतो का? मालक कोण होता मला माहीत नाही, कधी विचारलं नाही. ते कार्ड त्याचं आहे. टॅकेट नावाचं शेवटचं कार्ड सोबत पाठवतोय. बास्कोचा चेहरा चालणार असेल तर बघा."

शेवटच्या ओळीपाशी पेन थांबलं. 'माझं नाव लिहू नका' हे त्यानं लिहिलं नाही. खाली वेंडल प्रोहास्का एवढीच सही केली, पेनानं, घाईघाईत. मग परतीचं पाकीट घेतलं, तिकीट लावलं, रस्ता, गाव, पिनकोड लिहिला. नावाची ओळ तेवढी कोरी ठेवली.

टॅकेटला लिहायचं असेल तर लिहील. नाहीतर घर नंबरावरून रोक्सॅन आणून देईलच, तिला काय माहीत नाही होय.

जून गेला. मक्याची उंची कमरेपर्यंत आली. वेंडल आता साडेअकराला पायरीवरच बसायला लागला.

"अजून नाही लिहिलंस स्वतःला?" रोक्सॅन विचारायची.

"विचार करतोय अजून."

"सावकाश कर. पळून नाही जात तू कुठे."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती फाटकातच थांबली. पाकीट डोळ्यांजवळ नेलं, मग लांब.

"वेंडल. हे वरचं तुझं अक्षर नाही."

"नाही ना?"

"पत्ता तुझा. नाव दुसऱ्यानं घातलंय. आणि चुकीचं घातलंय. 'वेंडेल प्रहस्का'. हा कोण मेला?"

"ओळखीचा आहे एक," वेंडल म्हणाला, आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

हात धुतले. फडकं पसरलं. आत कार्ड होतं, तसंच कोरं. आणि चिठ्ठी, परत किराण्याच्या यादीच्या मागे. अंडी, साबण, बॅटरी.

"वेंडेल, बास्कोवर सही नाही म्हणजे नाही. कार्ड परत पाठवतोय.

लाल टोपीच्या वर कोण बसायचं ते मला आठवत नाही. उगाच खोटं कशाला बोलू, एक जण बोलला तेवढं पुरे. दुपारच्या मॅचला त्या वरच्या ओळींच्या मागे ऊन असायचं. आम्हाला तिकडे बघताच यायचं नाही, डोळे दिपायचे. कोणी असेल तर असेल. तू म्हणतोस तर होतास.

यापुढे तिकीट लावून पाकीट पाठवू नकोस. नोरीन बिलं फोनवर भरते. — ऑ. टॅकेट"

वेंडलनं ते तीनदा वाचलं. मग अल्बम काढला. एका पानावर नऊ कप्पे, तीन पानं, चोवीस कार्डं. शेवटचे तीन कप्पे रिकामे. कोरं कार्ड त्यानं त्याच्या जागी सारलं. झाला पण आणि नाही पण.

मग त्यानं पट्टी घेतली. जुने गोळा करणारे एक काम करतात. ज्या खेळाडूचं कार्डच निघालं नाही, त्याची सही कुठल्या पत्रावर, पावतीवर मिळाली की तेवढाच तुकडा कार्डाच्या मापाचा कापायचा आणि कप्प्यात घालायचा. वेंडलनं असे शेकडो कापले होते. अडीच इंच, साडेतीन इंच. त्यानं पाकिटावर पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि कात्री चालवली, श्वास धरून. 'वेंडेल प्रहस्का' बरोबर मधोमध आलं. 'ल'ची शेपटी खाली घसरली होती.

कप्प्यात घालताना त्यानं सवयीनं तुकडा उलटा केला, कारण कार्डाच्या मागे आकडे असतात. मागे काहीच नव्हतं.

त्यानं पेन घेतलं आणि बारीक अक्षरात लिहिलं: १९७२. उजवा कोपरा, पुढून चौथी ओळ. सगळे रविवार.

मग तो पंचविसाव्या कप्प्यात सारला.